कझुंगुलाच्या पुलावरून गाडी नेताना

"चेसी नंबरात 'ओ' हे अक्षर कधीच नसतं, मॅडम. शून्य असतं."

खिडकीपलीकडच्या झांबियाच्या कस्टम्सच्या बाईंनी बँकेचं पत्र माझ्याकडे फिरवलं आणि पेनाचं टोक त्या अक्षरावर टेकवलं. आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. पण एक चूक सापडल्यावर त्यांनी पत्रातला प्रत्येक आकडा गाडीच्या ब्लू बुकशी, म्हणजे इथल्या आर.सी. बुकशी, ताडून पाहिला. इंजिन नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते, ४७ च्या जागी ७४. "या पत्रावर मला गाडी आत घेता येणार नाही," त्या म्हणाल्या.

मागे बाकावर आई-बाबा बसले होते. बाबांच्या मांडीवर कागदांची निळी फाइल, आईच्या हातात थर्मास. सांगलीहून निघाल्यापासून दोघांच्या तोंडी एकच नाव होतं, व्हिक्टोरिया धबधबा. तो आता सत्तर किलोमीटरवर होता आणि मला त्यांना सांगायचं होतं की आपण परत फिरतोय.

ही गोष्ट २०२३ च्या जूनमधली. मी बोत्स्वानात, गाबोरोनला राहते. नोकरी हिशेबाची. कागद जुळवणं हेच माझं रोजचं काम आणि तरी हे घडलं. त्यानंतर ओळखीतल्या किमान पाच-सहा कुटुंबांना मी फोनवर सगळं सांगितलं आहे. दर वेळी वाटतं, एकदा नीट लिहून ठेवावं.

कझुंगुला म्हणजे झांबेझी नदीवरचं ठाणं. अलीकडे बोत्स्वाना, पलीकडे झांबिया. इथे दोन्ही देशांची हद्द एकमेकींना जेमतेम दीडशे मीटर भिडते. पश्चिमेला नामिबियाचं टोक, पूर्वेला झिंबाब्वे. इतक्या चिंचोळ्या जागी चार देश जवळ येतात अशी जागा जगात दुसरी सापडणं अवघड. गावाला नाव पडलं ते मुझुंगुला या झाडावरून. हे म्हणजे आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या जुन्या बागांत दिसणारं कायजेलिया, दुधीभोपळ्यासारखी लांब फळं दोरीला टांगल्यासारखी लोंबतात ते. बाबांनी ते लगेच ओळखलं.

२०२१ पर्यंत इथे पूल नव्हता. तराफ्यासारखी फेरी होती आणि एका खेपेला एकच मोठा ट्रक जायचा. डर्बनहून काँगोच्या तांब्याच्या खाणींकडे जाणारे ट्रक इथे दिवसेंदिवस रांगेत उभे राहत. २००३ मध्ये जादा वजनाच्या एका ट्रकमुळे फेरी उलटली आणि १८ माणसं बुडाली. नवा पूल १० मे २०२१ ला खुला झाला. लांबी ९२३ मीटर, मधोमध रेल्वेसाठी राखलेली जागा. आणि तो सरळ नाही, धनुष्यासारखा वळलेला आहे, कारण सरळ बांधला असता तर झिंबाब्वेच्या हद्दीतून गेला असता.

पुलाबरोबर 'वन स्टॉप' ठाणंही आलं. यातली मेख आधी समजून घेतली पाहिजे. बोत्स्वानातून झांबियात जाताना बोत्स्वानाच्या बाजूला थांबायचंच नाही. सरळ पूल ओलांडायचा आणि झांबियाच्या इमारतीत जायचं. तिथे एकाच दालनात आधी बोत्स्वानातून बाहेर पडल्याचा शिक्का आणि मग झांबियात शिरल्याचा. येताना याच्या उलट, सगळं बोत्स्वानाच्या बाजूला. पुलाआधी शिक्का कुठे मारायचा म्हणून शोधाशोध करणारे लोक मी दोन्ही दिवशी पाहिले.

आता तयारीचं सांगते, कारण माणसाचा पासपोर्ट-व्हिसा सगळ्यांच्या लक्षात राहतो. गाडीचाही पासपोर्ट लागतो, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. अधिकाऱ्यांना गाडीबद्दल दोनच गोष्टी हव्या असतात. ती तुमची आहे का, आणि ती परत जाणार आहे का. प्रत्येक कागद, प्रत्येक खिडकी या दोन प्रश्नांसाठी असते. एकदा हे डोक्यात बसलं की कुठला कागद कशासाठी मागतात ते आपसूक कळत जातं.

माझी गाडी कर्जावर घेतलेली. म्हणजे मूळ ब्लू बुक बँकेकडे, माझ्याकडे पोलिसांनी शिक्का मारलेली प्रत. आपल्याकडे आर.सी. बुकवर बँकेचा बोजा नोंदतात, तशातलंच. अशी गाडी देशाबाहेर न्यायची तर बँकेचं परवानगीपत्र लागतं. त्यात मालकाचं नाव, गाडीचा नंबर, चेसी नंबर, इंजिन नंबर, कुठल्या देशात आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं हवं. मी पत्र मागितलं, दोन आठवड्यांनी मिळालं, माझं नाव आणि तारखा तपासून फाइलमध्ये लावलं. नंबर तपासले नाहीत. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, अगदी नवऱ्याच्या किंवा कंपनीच्या, तर त्यांचं पोलिसांसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र किंवा कंपनीचं पत्र लागतं. गाडी चोरीची नाही याचा पोलिसांचा दाखला काढला होता. त्यासाठी पोलिसांनी बॉनेट उघडायला लावून नंबर स्वतः पाहिला होता. त्या दाखल्यावर नंबर बरोबर होते, म्हणजे चूक पकडायला माझ्या हातात साधन होतं. दोन कागद शेजारी ठेवून अक्षरा-अक्षरावर बोट फिरवायला दहा मिनिटं पुरली असती.

आई-बाबांसाठी वेगळी काळजी होती. बोत्स्वानाचा त्यांचा व्हिसा मी एकापेक्षा जास्त वेळा येण्या-जाण्याचाच मागितला होता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असता तर झांबियातून परत येतानाच दार बंद झालं असतं. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या बाबतीत ही चूक फार सहज होते, कारण धबधबा पाहायला जाणं म्हणजे देश सोडणं आहे हे व्हिसा काढताना कुणाच्या मनातच येत नाही. झांबियाचा व्हिसा ऑनलाइन काढून छापील प्रती घेतल्या. मोबाइलमध्ये आहे म्हणून भागेल असं धरू नये, नदीवर नेटवर्क कधी या देशाचं पकडतं, कधी त्या. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्डही तिघांचं घेतलं. ही लस २०१६ पासून आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात, जुनं कार्ड असेल तर चालतं.

विम्याचा भाग आमच्या लोकांना सगळ्यात गोंधळात टाकतो. बोत्स्वानात अपघातात माणसाला इजा झाली तर भरपाई एका सरकारी निधीतून मिळते आणि त्याचा पैसा पेट्रोलवरच्या अधिभारातून जमा होतो. त्यामुळे थर्ड पार्टीचा कागद गाडीत ठेवायची सवयच लागत नाही. झांबियात तो लागतो. पूर्व आफ्रिकेतल्या गाड्यांकडे कोमेसा या आफ्रिकी देशांच्या व्यापारी संघाचं पिवळं कार्ड असतं, एकाच कार्डावर बरेच देश चालतात. बोत्स्वाना त्या योजनेत नाही, म्हणून ठाण्यावरच विमा विकत घ्यायचा. तुमचा स्वतःचा पूर्ण विमा असेल तरी निघण्याआधी विमा कंपनीला फोन करून विचारायचं, गाडी झांबियात असताना तो लागू आहे का, आणि ते लेखी घ्यायचं.

गाबोरोनहून निघून फ्रान्सिसटाउनला मुक्काम केला, साधारण ४३० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी नाटामार्गे कसाने, पुलाजवळचं बोत्स्वानातलं गाव. नाटाच्या आधी जनावरांच्या लाळ्या-खुरकताचं नाकं लागतं. गाडीची चाकं औषधी पाण्यातून न्यायची, आपण उतरून ओल्या पायपुसण्यावर चपला बुडवायच्या. उत्तरेकडून दक्षिणेला येताना कच्चं मांस जप्त होतं. या देशातून गोमांस निर्यात होतं, त्यामुळे इथे कुणी हयगय करत नाही.

नाटापासून पुढचे तीनशे किलोमीटर मी दिवसाउजेडीच करते आणि सगळ्यांना तेच सांगते. रस्ता चांगला आहे, सरळ आहे आणि त्यावर हत्ती येतात. संध्याकाळी तर डांबराच्या रंगात मिसळून जातात. एक दिसला की थांबायचं, मागून कळप असतोच. हॉर्न वाजवायचा नाही, दिवे मारायचे नाहीत. साधारण दोन-तृतीयांश वाट संपल्यावर पांडामाटेंगा लागतं. तिथे अचानक झाडी संपते आणि दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन पसरते, नजर पोचेल तिथवर ज्वारी. बाबांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून त्यांनी ढेकूळ हातात घेऊन फोडलं, बोटांत चुरगाळलं. "आपल्या कृष्णाकाठची माती आहे ही," म्हणाले. पुढचा तासभर ते ज्वारीवर बोलत होते. इथल्या लोकांचंही पारंपरिक अन्न ज्वारीचंच, बोगोबे म्हणतात, आपल्या कण्यांच्या जवळचं. पेट्रोल इथे भरून घ्यावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुलावर. ट्रकची रांग बरीच आधी सुरू होते. लहान गाड्यांनी त्या रांगेत उभं राहायचं नसतं, बाजूने हळूहळू पुढे जायचं. पहिल्यांदा जाणारा माणूस संकोचाने ट्रकच्या मागे थांबतो आणि दोन तास घालवतो. पूल ओलांडताना आईने विचारलं, "आत्ता आपण कुठल्या देशात आहोत?" उत्तर देईपर्यंत पूल संपला.

पलीकडे गाडी उभी करताच चमकदार जाकिटं घातलेली दोन-तीन मुलं धावत आली. एजंट. "दहा मिनिटांत करून देतो, पासपोर्ट द्या." मालवाहू ट्रकना क्लिअरिंग एजंट लागतो, तो खरा परवानाधारक व्यवसाय आहे. खासगी गाडीला कुणाचीही गरज नाही. मी गाडी बंद केली, काचा वर घेतल्या, त्यांना हसून "नाही भाऊ, मी स्वतः करते" या अर्थाचं इंग्रजीत सांगितलं. पासपोर्ट आणि गाडीचे कागद खिडकीतल्या गणवेशातल्या माणसाखेरीज कुणाच्या हाती द्यायचे नाहीत. ती पोरंही पोटासाठीच उभी असतात, त्यांच्याशी तुसडेपणाने बोलायचं कारण नाही. पण नकार पहिल्याच वाक्यात स्पष्ट हवा. "बघू" म्हटलं की ते शेवटपर्यंत बरोबर चालतात आणि मग कामाचे पैसे मागतात.

खिडकीपाशी गेल्यावर आधी नमस्कार. बोत्स्वानाच्या बाजूच्या बाईंना "डुमेला, मा", पुरुषाला "डुमेला, रा". झांबियाच्या बाजूला "मुली ब्वान्जी". कसे आहात, बरे आहात ना, हे दोन्हीकडून झाल्याशिवाय कागद पुढे सरकवू नये. आपण मुंबईच्या सवयीने थेट "हे बघा, माझं जरा लवकर" असं सुरू करतो. इथे तो उद्धटपणा वाटतो आणि त्यानंतर सगळंच संथ होतं. कागद देताना डावा हात उजव्या कोपराला लावून देणं हा बोत्स्वानातला आदर आहे. आईला हे आवडलं. देवळात प्रसाद घेताना आपण उजव्या हाताखाली डावा धरतो, तसंच म्हणाली.

बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून दोघांना मी बाकावर बसवलं आणि रांग पुढे सरकेपर्यंत स्वतःचा बोत्स्वानातून बाहेर पडल्याचा शिक्का घेतला. शेजारची कस्टम्सची खिडकी रिकामी दिसली, तर म्हटलं गाडीचं काम सुरू करू. तो निव्वळ योग होता. दोघांचे शिक्के आधी झाले असते तर बोत्स्वानातून बाहेर, झांबियात प्रवेशाचा व्हिसा वापरून झालेला आणि गाडी मात्र आत येऊ शकत नाही, असा पेच पडला असता. आता फक्त माझ्या एका शिक्क्यावर 'रद्द' लिहून सही करावी लागली.

पत्र नाकारलं गेल्यावर मी पाच मिनिटं वाद घातला, हे कबूल करते. गाडीवरचा नंबर बघा, पोलिसांचा दाखला बघा, टायपिंगची चूक आहे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण हे पत्र दुसऱ्याच गाडीचं आहे. या गाडीला बँकेने परवानगी दिली असं कुठे लिहिलंय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशेब तपासताना समोरच्याला मी स्वतः नेमकं असंच बोलते.

बाहेर आल्यावर जाकीटवाल्या एकाने सगळं ऐकलेलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, पैसे दिले तर पत्राचं काहीतरी करता येईल. आई-बाबांची धबधब्याची वाट बघणारी तोंडं समोर होती. तरी मी नाही म्हटलं. खोट्या कागदावर आत गेलेली गाडी पुढच्या पहिल्याच पोलीस नाक्यावर अडकते आणि मग बाहेर काढणारा कुणी नसतो. शिवाय परत येताना पुन्हा झांबियाच्याच कस्टम्ससमोर उभं राहायचं होतं.

कसानेला परतलो. मी गाबोरोनला बँकेत फोन लावला, तो तीनदा इकडून तिकडे फिरला. शेवटी एका मुलीने ऐकून घेतलं. या वेळी मी नंबर तोंडी सांगितले नाहीत. गाडीच्या दारावरच्या पट्टीचा, इंजिनाचा आणि ब्लू बुकच्या प्रतीचा फोटो काढून पाठवला आणि म्हटलं, सही करण्याआधी मसुदा मला दाखवा. अनेकांना माहीत नसतं, चेसी नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं जगभर वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. कुणी टाइप केलेल्या नंबरात ती दिसली की तिथे चूक आहे हे नक्की. संध्याकाळी पत्र आलं. कसानेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात चार प्रती छापल्या. लॉजवर जेवण झाल्यावर बाबांनी चष्मा लावला आणि मी ब्लू बुकमधला एकेक आकडा वाचत गेले, ते पत्रावर पेन्सिलीने टिंब देत गेले. शाळेत मार्कांची बेरीज तपासायचे तसं. दोनदा केलं.

दुसऱ्या दिवशी त्याच बाई खिडकीत होत्या. नमस्कार-चमत्कार झाल्यावर मी विचारलं, शिक्के मारून घेण्याआधी तुम्ही पत्रावर एक नजर टाकाल का? त्यांनी दोन मिनिटांत पाहिलं आणि मान हलवली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, अधिकृत क्रम काहीही असो, गाडीच्या कागदात जरा जरी शंका असेल तर कस्टम्सच्या खिडकीत आधी विनंती करून बघा. नाही म्हणाले तर काही बिघडत नाही.

मग पुढचं सरळ झालं. तिघांचे शिक्के. गाडीसाठी सीआयपी म्हणजे तात्पुरता आयात परवाना, तो फुकट असतो, त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. इंजिनच्या आकारानुसार, म्हणजे सीसीनुसार, कार्बनचा कर. परदेशी नंबरच्या लहान गाडीचा रस्ता-टोल २० डॉलर. विमा. स्थानिक कौन्सिलची छोटी पट्टी. या रकमा वरचेवर बदलतात, म्हणून आकडे पाठ करून जाण्यापेक्षा थोडे जास्तीचे पैसे घेऊन जावं. तेव्हा काही खिडक्या झांबियाचे क्वाचाच घेत होत्या, काही डॉलर. डॉलरच्या नोटा नव्या छापाच्या, न फाटलेल्या, डाग नसलेल्या हव्यात, आणि लहान किमतीच्या जास्त. क्वाचा ठाण्यावरच्या बँकेच्या खिडकीतून किंवा एटीएममधून घ्यावेत, पार्किंगमध्ये नोटांची चळत घेऊन फिरणाऱ्याकडून नाही. (क्वाचा म्हणजे पहाट, आणि बोत्स्वानाचा पुला म्हणजे पाऊस. ज्या देशांनी पैशाला अशी नावं दिली त्यांच्याविषयी मला पहिल्यापासून माया आहे.)

प्रत्येक पावती मिळाली की तिथेच उभं राहून गाडीचा नंबर, चेसी नंबर आणि तारीख वाचायची. मागचे लोक थांबतील. विम्याच्या कागदावर माझ्या गाडीच्या नंबरात एक अक्षर चुकलं होतं. आदल्या दिवशी पोळलेली असल्यामुळे ते लगेच दिसलं, त्या मुलाने लगेच दुसरा कागद काढून दिला. बाहेरच्या फाटकावर गेट पास बघतात, त्यावर सगळ्या खिडक्यांचे शिक्के हवेत. एक राहिला तर परत आत. आम्हाला एकंदर पावणेदोन तास लागले.

पुढे धबधब्याजवळच्या लिव्हिंग्स्टन गावापर्यंत दोनदा पोलिसांनी थांबवलं. पट्टा, परवाना, विमा, टोलची पावती. गाडीला पुढे पांढऱ्या आणि मागे लाल परावर्तक पट्ट्या मी आधीच लावल्या होत्या, बंद पडलेल्या गाडीजवळ ठेवायचे इशाऱ्याचे दोन त्रिकोणही होते. सगळे कागद एका पारदर्शक पाकिटात, वर ठेवलेले. बाबा शेजारी बसून मागायच्या आत काढून देत होते.

धबधब्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. जूनमध्ये पाणी इतकं होतं की समोरचा कडा तुषारांत दिसतच नव्हता, फक्त गर्जना. मोसी-ओआ-तुन्या, गडगडणारा धूर, हे त्याचं मूळचं नाव. आई रेनकोट घालून भिजत उभी राहिली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. ऑक्टोबरमध्ये झांबियाच्या बाजूचा कडा बराचसा कोरडा पडतो, पाहुण्यांना आणायचं असेल तर त्या आधी आणा.

परतीचा एक मुद्दा मात्र ठळक सांगायचा आहे, कारण तो विसरणारे खूप आहेत. गाडीचा तात्पुरता परवाना परत येताना बंद करून घ्यावा लागतो. घरी जायची ओढ असते, माणसांचे शिक्के होतात, आणि लोक गाडीत बसून निघतात. झांबियाच्या नोंदीत मग ती गाडी अजून त्यांच्याच देशात असते, म्हणजे कर न भरता तिथेच राहिलेली. पुढच्या वेळी ठाण्यावर आलात की तिथे अडकता. येताना आपण बोत्स्वानाच्या बाजूच्या इमारतीत असतो, तिथे झांबियाच्या कस्टम्सची खिडकी शोधायची, परवाना द्यायचा आणि तो बंद झाल्याचा शिक्का डोळ्यांनी पाहायचा. मी त्या शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढला आणि मूळ कागद अजून निळ्या फाइलमध्ये आहे. त्याच फाइलमध्ये बँकेचं पहिलं, चुकीचं पत्रही ठेवलंय. कुणी विचारायला आलं की दोन्ही शेजारी ठेवून दाखवते.

फाटकाच्या अलीकडे पुन्हा लाळ्या-खुरकताची तपासणी. गाडी औषधाच्या पाण्यातून, माणसं ओल्या पायपुसण्यावरून. बॅगेतली जादाची पायताणंही काढायला सांगतात. आईच्या पायात बूट होते आणि पिशवीत कोल्हापुरी. कातडी चपला औषधात भिजवायच्या म्हटल्यावर माझ्याच जिवावर आलं. तपासणीच्या बाईंनी एक उचलून उलटीपालटी करून पाहिली, शिवण बघितली आणि विचारलं कुठल्या गुराचं कातडं. मी सांगितलं, आमच्याकडे कोल्हापूरला बनतात, म्हशीच्या, बैलाच्या कातड्याच्या. त्या म्हणाल्या, "मग तर तुम्हाला कळेल आम्ही हे का करतो." आईला मराठीत सांगितलं. तिने दोन्ही चपला त्यांच्या हातून घेतल्या, वाकून स्वतःच तळाशी नीट बुडवल्या आणि उन्हात झटकून गाडीच्या डॅशबोर्डवर वाळत ठेवल्या.